रुग्णासमोर बोलायचे शब्द

माझ्या कामात माणूस दिसत नाही. कानात हेडफोन, पायाखाली पेडल, समोर कोरा पडदा. रेडिओलॉजिस्ट किंवा कार्डिओलॉजिस्ट फिल्म बघता बघता जे बोलून ठेवतात ते ऐकायचं आणि टाइप करायचं. शब्द निसटला की पेडल दाबून आवाज मागे न्यायचा, पुन्हा ऐकायचा. माझ्या वाट्याला मुख्यतः छाती आली आहे: एक्स-रे, सीटी, टू-डी इको, ईसीजी. पोटाचे आणि मेंदूचे अहवाल अधूनमधून येतात, पण हात बसलाय तो हृदय-फुप्फुसांवर.

ऐकताना पहिल्यांदा लक्षात येतो तो सूर. डॉक्टर 'नॉर्मल' ज्या सुरात म्हणतात त्याच सुरात 'मॅस', म्हणजे गाठ, म्हणतात आणि त्याच सुरात 'फुलस्टॉप, नेक्स्ट पॅरा' म्हणतात. सुरुवातीला हे मला फार कोरडं वाटायचं. आता वाटतं, बरोबरच आहे ते. समोरच्या चित्रात जे दिसतंय त्याचं वर्णन चाललेलं असतं, निकालपत्राचं वाचन नव्हे. पण हा सूर कागदावर उतरत नाही. कागदावर उतरतो नुसता शब्द, आणि तो ज्याच्या हाती पडतो तो आपल्या मनातल्या आवाजात वाचतो. रात्री अकरा वाजता, एकट्यानं, मोबाइलच्या उजेडात वाचलेला 'ओपॅसिटी' (फिल्मवरचा पांढुरका डाग) आणि डिक्टेशनमधला 'ओपॅसिटी' हे एकच शब्द आहेत असं मला आता वाटेनासं झालंय.

छातीचा साधा एक्स-रे निर्दोष असला तर अहवाल चार-पाच ओळींचा असतो. हृदयाचा आकार मर्यादेत. दोन्ही कॉस्टोफ्रेनिक अँगल मोकळे. हे म्हणजे फासळ्या आणि छाती-पोटामधला श्वासाचा पडदा जिथे भेटतात ते खालचे दोन अणकुचीदार कोपरे. उभ्या माणसाच्या छातीत पाणी झालं तर ते आधी तिथे साठतं आणि कोपरा बोथट दिसू लागतो. समोरून काढलेल्या फिल्मवर तो स्पष्ट बोथट दिसायला सुमारे २०० मिलिलिटर पाणी जमावं लागतं, म्हणजे एक पेलाभर. त्यानंतर शेवटची ओळ: 'नो प्ल्यूरल इफ्यूजन', म्हणजे फुप्फुसाभोवती पाणी नाही. या ओळीत सगळा जीव त्या 'नो'मध्ये आहे आणि डिक्टेशन देणारा दमलेला असेल तर नेमका तोच गिळला जातो. 'नो' ऐकू आला नाही तर अंदाजानं घालायचा नाही. जागा मोकळी ठेवून खूण करायची, हा आमच्या कामातला पहिला नियम. बाकीच्या चार ओळी कितीही निर्दोष असोत, त्यांच्यावरून पाचवी ओळ ठरवता येत नाही.

श्वासाच्या शब्दांचं घराणं तर कानाची परीक्षा बघतं. डिस्प्निया, म्हणजे धाप. टॅकिप्निया, भरभर श्वास. ॲप्निया, श्वास थांबणं. ऑर्थोप्निया, आडवं झालं की दम लागणं आणि उठून बसलं की बरं वाटणं. शेपूट सगळ्यांची एकच आणि फरक तो सुरुवातीच्या एका-दोन अक्षरांत. तेवढ्यात कुणी खोकलं की संपलं. मला यातला ऑर्थोप्निया आवडतो, कारण तो मोजता येतो आणि तो मोजायला यंत्र लागत नाही. डॉक्टर विचारतात, 'झोपताना उशा किती घेता?' उत्तर अहवालात येतं: टू-पिलो ऑर्थोप्निया. इतक्या ग्रीक-लॅटिनच्या गर्दीत उशी सरळ आत येऊन बसलेली आहे.

दिशांची गंमत निराळी. हृदयाचं ॲपेक्स, म्हणजे टोक, खाली असतं, डावीकडे झुकलेलं. फुप्फुसाचं ॲपेक्स मात्र वर, गळपट्टीच्या हाडाच्याही किंचित वर चढलेलं. हृदयाचा बेस वर आणि फुप्फुसाचा बेस खाली, पडद्यावर टेकलेला. शेजारी शेजारी राहणारे दोन अवयव, पण एकाचं शेंडाबूड दुसऱ्याच्या नेमकं उलट. त्यात फिल्मवर रोग्याची डावी बाजू म्हणजे बघणाऱ्याची उजवी, कारण रोगी आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं धरायचं असतं. शाळेत शिकलेलं 'धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध' हेही इथे मोडतं. पल्मोनरी आर्टरी ऑक्सिजन उतरलेलं रक्त फुप्फुसांकडे नेते आणि पल्मोनरी व्हेन ताजं रक्त परत आणते. हृदयापासून दूर नेणारी ती धमनी, हृदयाकडे आणणारी ती शीर, बस. रक्त कसं आहे याच्याशी नावाचा संबंध नाही. हे कळल्यावर मला शाळेतल्या निळ्या-तांबड्या आकृतीचा राग आला होता.

हे सगळं माहीत नसलेला माणूस स्वतःचा अहवाल वाचतो तेव्हा काय होतं, ते मला फोनवर कळतं. नात्यागोत्यातले सगळे मला अर्धी डॉक्टर समजतात. तशी मी नाही, हे सांगून झालंय, उपयोग होत नाही.

एकदा आत्याचा फोन आला. आवाज इतका खोल गेलेला की मला वाटलं कुणी गेलंच.

"अगं, माझं हृदय साठच टक्के चालतंय गं."

"कुणी सांगितलं?"

"लिहिलंय इथे. एल-व्ही-ई-एफ साठ टक्के. म्हणजे चाळीस टक्के गेलंच ना?"

"आत्या, शंभर कुणाचंच नसतं."

"तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

तिला पटेपर्यंत बराच वेळ गेला. शेवटी गणितच घातलं. हृदयाचा डावा खालचा कप्पा पूर्ण भरला की त्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त असतं. एका ठोक्यात त्यातलं ७० मिलिलिटरच्या आसपास पुढे ढकललं जातं आणि उरलेलं मागे राहतं. ते राहायचंच असतं. सत्तर भागिले एकशेवीस, म्हणजे ५८ टक्के. हाच तो इजेक्शन फ्रॅक्शन, एल-व्ही-ई-एफमधला ई-एफ. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असतो, आणि आकडा फारच वर गेला तर डॉक्टर खूश होत नाहीत, उलट त्याचं कारण शोधतात. मिनिटाला बहात्तर ठोके धरले तर ७० मिलिलिटरप्रमाणे पाच लिटर होतात. अंगातलं जवळजवळ सगळं रक्त दर मिनिटाला एक फेरी मारून येतं. हे ऐकल्यावर आत्या म्हणाली, "मग टक्के कशाला लिहितात? टक्के लिहिले की माणूस शंभरातून वजा करणारच." यावर मला उत्तर सुचलं नाही. खरंच आहे ते. टक्क्यांशी आपली पहिली ओळख प्रगतिपुस्तकात होते.

त्याच अहवालात 'ट्रिव्हियल टी-आर' असंही होतं. उजव्या बाजूच्या तीन पाकळ्यांच्या झडपेतून, ट्रायकस्पिडमधून, जरासं रक्त मागे झिरपतं, इतकाच त्याचा अर्थ. इकोची यंत्रं आता इतकी तीक्ष्ण झाली आहेत की अशी झिरप बहुतेक निरोगी माणसांत दिसते. दिसली की लिहावी लागते. लिहिली की वाचली जाते. वाचली की झोप जाते.

'सायनस'चा घोटाळा तर ठरलेला. ईसीजीवर 'नॉर्मल सायनस ऱ्हिदम' छापून आलं की निम्मी माणसं नाकाला हात लावतात. हा सायनस हृदयातला, उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत असलेला, जिथून ठोक्याची ठिणगी निघते तो. १९०७ मध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी तो दाखवून दिला. फ्लॅक तेव्हा विद्यार्थी होता आणि सूक्ष्मदर्शकाखाली जमिनीत बिळं करून राहणाऱ्या मोल या चिमुकल्या प्राण्याचं हृदय होतं. ईसीजीवरच्या लाटांना मात्र आइन्थोव्हेननं पी, क्यू, आर, एस, टी अशी नुसती अक्षरं दिली. वर्णमालेच्या मधूनच सुरुवात, ना अर्थ ना उपमा. १९२४ चं नोबेल त्याला ईसीजीच्या शोधाबद्दल मिळालं. मी असते तर त्यातला थोडा भाग या नामकरणाला दिला असता. बिनअर्थाच्या अक्षराला निदान कुणी भ्यायला नको. अर्थात त्यापुढे 'इन्व्हर्जन', म्हणजे लाट उलटी झालेली, हा शब्द आला की तोही दिलासा जातो.

टाइप करता करता एक गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली. हृदयाचे शब्द आणि फुप्फुसांचे शब्द वेगवेगळ्या वस्त्यांमधून आलेले आहेत.

हृदयाच्या शब्दांत पोलीस चौकी आणि कोर्ट भरलेलं आहे. कार्डिॲक अरेस्ट. हार्ट अटॅक. लहान मुलांच्या छातीत पुष्कळदा ऐकू येणारी आणि काहीही अपाय न करणारी सुरसुर असते, तिला इनोसंट मर्मर म्हणतात, म्हणजे निर्दोष सुटलेली. नीट न मिटणारी झडप इनकॉम्पिटन्ट, म्हणजे नालायक ठरलेली. अँजिओग्राफीत ज्या अडथळ्यामुळे झटका आला तो सापडला की त्याचं नाव कल्प्रिट लीजन, म्हणजे थेट आरोपीच. आणि सगळ्यांवर कडी म्हणून फेल्युअर. शरीररचनेची जुनी नावं मात्र अशी नाहीत. ती घराची आणि पेहरावाची आहेत. एट्रियम म्हणजे रोमन घरातलं पुढचं दालन. कोरोनरी म्हणजे मुकुटासारखी, कारण त्या धमन्या हृदयाला वेढून असतात. डाव्या बाजूच्या दोन पाकळ्यांच्या झडपेचं साम्य शरीररचनेचा अभ्यासक व्हेसॅलियस याला सोळाव्या शतकात बिशपच्या उभ्या टोपीशी, माइटरशी, दिसलं आणि ती मायट्रल झाली. शांतपणे बघणाऱ्या माणसानं दिलेली नावं आहेत ही. हृदय बिघडलं की मात्र आपण एकदम गुन्हेगारीच्या भाषेत बोलू लागतो. असं का, याचा मी विचार केलाय. मला वाटतं, हृदयाबद्दल आपली अपेक्षा नोकरासारखी आहे: न थांबता, न बोलता राबावं. दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके ते देतं आणि एखादा चुकला की आपण चौकशी लावतो.

याला एक अपवाद मला फार गोड वाटतो. मोठ्या धक्क्यानंतर, दुःखानंतर कधी कधी हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगतो. लक्षणं थेट झटक्याची, पण धमन्या मोकळ्या. १९९० च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी त्या फुगलेल्या आकाराला नाव दिलं ताकोत्सुबो, म्हणजे ऑक्टोपस पकडायचं अरुंद गळ्याचं मडकं. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं. ना आरोपी, ना नापास, नुसतं मडकं.

फुप्फुसांची भाषा अशीच आहे, बघणाऱ्याची. ग्राउंड ग्लास, म्हणजे घासून धूसर केलेली काच. हनीकोम्ब, मधाचं पोळं. ट्री-इन-बड, अंकुर फुटलेली फांदी. क्रेझी पेव्हिंग, वेड्यावाकड्या फरश्या. मिलिअरी, बाजरीसारख्या बारीक दाण्यांनी भरलेलं. बॅट विंग, वटवाघळाचे पंख. न्यूमोनियात फुप्फुसाचा भाग घट्ट होतो त्याला जुने लोक हेपटायझेशन म्हणत. स्पंजासारखं फुप्फुस हाताला यकृतासारखं लागतं म्हणून. नुसती नावं वाचली तर कुणाला वाटेल, कुणीतरी माळरानावरून फेरफटका मारून आलंय.

आणि ही नावं ढिसाळ नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचंय. 'ग्राउंड ग्लास' आणि 'कन्सॉलिडेशन' यांच्यातला फरक बघा. दोन्हीकडे सीटीवर पांढुरकं दिसतं. पण त्या पांढुरक्यातून आतल्या रक्तवाहिन्यांच्या रेषा दिसत असतील तर ग्राउंड ग्लास. रेषा बुडाल्या असतील तर कन्सॉलिडेशन. म्हणजे हवेच्या पिशव्या अर्ध्यामुर्ध्या भरल्या आहेत की पूर्ण, याचा अंदाज एका शब्दात. छातीच्या प्रतिमांवर काम करणाऱ्या फ्लाइश्नर सोसायटीनं २००८ च्या शब्दसूचीत हे अर्थ बांधून दिले आणि त्याच वेळी 'इन्फिल्ट्रेट' हा सैल शब्द वापरू नका असंही सुचवलं. माझ्या कानावर तो अजून येतो. मी तो तसाच टाइप करते. डॉक्टरांचा शब्द बदलायचा नसतो. कोविडच्या काळात 'ग्राउंड ग्लास' हा शब्द घराघरांत पोचला, पण पोचला तो काचेसारखा नव्हे, दगडासारखा. वर्णन म्हणून जन्मलेल्या शब्दाला बातमी म्हणून फिरावं लागलं की असं होतं.

शब्द कुणाच्या कानावर पडणार आहे याचा विचार फार पूर्वी एकानं केला होता, आणि तोही छातीतल्या आवाजांना पहिल्यांदा नावं देणाऱ्या माणसानंच.

त्याच्या आधीची गोष्ट अशी. छातीवर बोटांनी टकटक करून आत हवा आहे की पाणी हे ओळखायची युक्ती लिओपोल्ड औएनब्रुगर या व्हिएन्नातल्या डॉक्टरनं १७६१ मध्ये छापली. तो खानावळवाल्याचा मुलगा. वडील पिंपं वाजवून दारू कुठवर आहे ते बघायचे, त्यावरून हे सुचलं असं सांगतात. त्याच्या पुस्तकाची फारशी कुणी दखल घेतली नाही. १८०८ मध्ये कोर्व्हिसार या फ्रेंच डॉक्टरनं त्याचं फ्रेंच भाषांतर केलं तेव्हा ते चर्चेत आलं. आवाजांना नावं देणारा तो माणूस, म्हणजे या कोर्व्हिसारच्या हाताखाली शिकलेला रने लेनेक, १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात होता. हृदयरोगाची लक्षणं असलेली एक तरुण बाई आली. बांधा स्थूल, त्यामुळे टकटक करून काही कळेना. आणि वय व बाईपण लक्षात घेता छातीला कान लावणं शोभेना. त्यानं कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक छातीवर टेकवलं, दुसरं कानाला लावलं, आणि ठोके कान लावून ऐकण्यापेक्षाही स्पष्ट आले. पुढे लाकडाची नळी आली, तोच स्टेथोस्कोप. ती तो स्वतः लेथवर घडवायचा. बासरी वाजवणारा माणूस, नळीतून आवाज कसा येतो हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

मग तो तीन वर्षं ऐकत राहिला. वॉर्डात ऐकायचं, टिपायचं, आणि रोगी दगावला तर शवविच्छेदनात त्या जागी काय सापडतं ते ताडून बघायचं. १८१९ च्या ग्रंथात त्यानं आवाजांना नावं दिली. फुप्फुसाभोवती पाणी असलं की रोग्याचं बोलणं नळीतून बकरीच्या बें-बें सारखं येतं, ती इगोफोनी, ग्रीकमध्ये बकरीवरून. छातीवर हात ठेवला की जाणवणाऱ्या थरथरीला त्यानं मांजराच्या गुरगुरीचं नाव दिलं. आणि श्वासासोबत येणाऱ्या सगळ्या जादा आवाजांना, खरखर, बुडबुडे, शिट्टी, सगळ्यांना मिळून एक शब्द ठेवला: राल.

पण फ्रेंचमध्ये हा शब्द लोकांच्या तोंडी होता. मरणाऱ्याच्या घशात शेवटी जी घरघर लागते, तीही राल. वॉर्डात प्राध्यापक विद्यार्थ्यांना 'इथे राल ऐका' म्हणाले की खाटेवरचा माणूस काय समजणार? आपली घटका भरली! लेनेकच्या हे लक्षात आलं. म्हणून रोग्यासमोर तो त्याच अर्थाचा दुसरा शब्द वापरू लागला: ऱ्हाँकस. रोग्याला न कळणारा, म्हणून न भिववणारा. स्टेथोस्कोपच्या कौतुकात ही गोष्ट मागे पडते. मला मात्र ती त्या नळीइतकीच मोठी वाटते. एका हातानं रोगाला नाव देतानाच दुसऱ्या हातानं ते रोग्यापासून झाकायचं, हे वैद्यकाचं रहस्य पहिल्याच पानावर आहे.

पुढे या ऱ्हाँकसचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. १८२१ मध्ये जॉन फोर्ब्सनं ग्रंथ इंग्रजीत नेला. लेनेकच्या लेखी राल आणि ऱ्हाँकस एकच होते, पण भाषांतरांच्या प्रवासात ते दोन वेगळे आवाज समजले जाऊ लागले. आज तुटक, चुरचुरणारा आवाज म्हणजे रेल्स (इंग्रजीतला राल) किंवा क्रेपिटेशन, डॉक्टरांच्या तोंडी 'क्रेप्स'. आणि जाड, घोरल्यासारखा लांब आवाज म्हणजे ऱ्हाँकाय, ऱ्हाँकसचं अनेकवचन. केवळ माणुसकीपोटी काढलेल्या पर्यायी शब्दाला स्वतंत्र रोगचिन्हाचं पद मिळालं. त्यातून असा गोंधळ माजला की १९७० च्या दशकात फुप्फुसतज्ज्ञांच्या समित्यांना बसून 'कोणत्या आवाजाला काय म्हणायचं' हे पुन्हा ठरवावं लागलं. त्यांनी साधे शब्द पुढे केले, क्रॅकल (चुरचुर) आणि व्हीझ (शिट्टी). मी जे टाइप करते त्यात अजून सगळे सुखानं एकत्र नांदतात. लेनेक स्वतः १८२६ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, क्षयानं गेला. ज्या आवाजांची त्यानं यादी केली त्यातले काही त्याच्याच छातीत होते.

झाकण्याची ही रीत संपलेली नाही. टीबी म्हणायचं नसलं की 'कॉक्स' म्हणतात. १८८२ मध्ये ज्यानं तो जंतू शोधला त्या कॉखच्या नावाआड आजार लपवायचा. कॅन्सरचा संशय 'मायटॉटिक लीजन' होऊन येतो. खाटेपाशी हे चाललं, कारण रोग्याच्या कानावर पडलं तरी हातात कागद नव्हता आणि कागद असला तरी खिशात शब्दकोश नव्हता. आता दोन्ही आहेत. अमेरिकेत तर एप्रिल २०२१ पासून नियमच आला की तपासणीचा निकाल तयार झाला की विनाकारण अडवून न ठेवता रोग्याला मिळायला हवा. तिथे कित्येकदा डॉक्टरांच्या आधी रोगीच अहवाल उघडतो. माझं मत विचाराल तर हे योग्यच झालं. छाती त्याची, अहवालही त्याचा. पण याचा अर्थ असा की आता प्रत्येक ओळ रोग्यासमोरच बोलली जातेय, आणि बोलणारा अजून शेजारच्या डॉक्टरशी बोलल्यासारखं बोलतोय. 'अनरिमार्केबल' लिहिलेलं वाचून दुखावले गेलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत. 'माझ्या फुप्फुसांत सांगण्यासारखं काहीच नाही म्हणजे काय?' अहो, तेच तर हवंय!

शब्द बदला, अशी मागणी मी करणार नाही. ऱ्हाँकसची गत मी पाहिली आहे: सौम्य शब्द आणला की तो काही वर्षांनी आधीच्याइतकाच भीतिदायक होतो, नाहीतर भलत्याच अर्थानं स्थिरावतो, आणि मधल्या मध्ये डॉक्टरांचं आपसातलं नेमकेपण जातं. 'ग्राउंड ग्लास'चं 'थोडंसं धुरकट' केलं तर रेषा दिसतात की बुडल्या हे कळणार कसं? मला हवी आहे ती एक जादा ओळ. काही रेडिओलॉजिस्ट ती घालू लागलेत आणि मला ती टाइप करायला मिळाली की बरं वाटतं. उदाहरणार्थ, पलंगावर निजलेल्या रोग्याचा फिरत्या यंत्रानं समोरून एक्स-रे काढला की हृदय फिल्मपासून लांब पडतं आणि त्याची सावली खऱ्यापेक्षा मोठी येते. 'कार्डिओमेगॅली', म्हणजे मोठं झालेलं हृदय, एवढंच लिहून सोडलं तर घरी रडारड. त्याखाली 'निजवून घेतलेल्या फिल्ममुळे आकार मोठा दिसत असण्याची शक्यता' असं लिहिलं तर डॉक्टरांचं नेमकेपण शाबूत आणि घरचेही शाबूत. तसंच इजेक्शन फ्रॅक्शनपुढे नेहमीची मर्यादा छापायला कितीशी शाई लागते? रक्ताच्या अहवालात प्रत्येक आकड्यासमोर ती असते. इकोत कुठे असते, कुठे नसते.

एका शब्दाबाबत मात्र माझी ही भूमिका डळमळते, आणि तो आहे हार्ट फेल्युअर. हृदय शरीराच्या गरजेइतकं रक्त पुढे ढकलू शकत नाही किंवा त्यासाठी आत जास्त दाब सोसावा लागतो, अशी ही स्थिती. कितीतरी माणसं ती घेऊन वर्षानुवर्षं हिंडतात-फिरतात. पण शब्द ऐकणाऱ्याला वाटतं की हृदय बंद पडलं. बंद पडणं म्हणजे अरेस्ट. धमनी तुंबून स्नायूचा तुकडा मरणं म्हणजे अटॅक. आणि दमून मागे पडणं म्हणजे फेल्युअर. तिन्ही वेगळी, आणि बातम्यांत तिन्ही एकच. काही देशांत या रोग्यांच्या क्लिनिकवर 'हार्ट फंक्शन क्लिनिक' अशी पाटी लावायला सुरुवात झाली आहे. पाटी बदलून पंप सुधारत नाही हे खरं, पण त्या दारातून आत जायला पाय तरी उचलतो.

आणि 'इनकॉम्पिटन्ट' जायला हवा होता, तो जवळजवळ गेलाय. झडपेला आता नालायक म्हणत नाहीत. मायट्रल रीगर्जिटेशन म्हणतात, म्हणजे आतलं उलटून बाहेर येणं. त्यावरही परवा एका काकांनी मला विचारलंच, "हे उलटीचं औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"